पणजीतला आबे फारियांचा पुतळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातून पणजीला जाणाऱ्यांत सहलीचे लोक असतात आणि बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पेशंट घेऊन गेलेलेही असतात. मधल्या वेळात मांडवीच्या काठाने फेरी मारताना हा पुतळा दिसतो, फोटो काढला जातो आणि घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं एका ओळीची आहेत, काहींना वेळ लागेल.

पुतळा नेमका कुठे आहे?

पणजीत, मांडवीच्या काठच्या रस्त्यावर, आदिलशहाच्या जुन्या वाड्याला लागून. हा वाडा म्हणजेच जुनं सचिवालय. बेतीहून फेरीबोटीने पलीकडे उतरलात तर चालत थोड्याच अंतरावर आहे. तिकीट नाही, दार नाही, वेळेचं बंधन नाही.

सावंतवाडीकडून यायचं तर?

बांदा, पत्रादेवी, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी असा सरळ महामार्ग आहे. रेल्वेने येणार असाल तर थिवी किंवा करमळीला उतरून बस धरा. या वाटेवरचं कोलवाळ लक्षात ठेवा. शापोरा नदीवरचा पूल लागतो ते गाव. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

"ह्यो पाद्री त्या बाईक काय करता हा?"

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो याच शब्दांत येतो. झगा घातलेला एक पाद्री वाकून दोन्ही हात पुढे पसरतो आहे आणि समोरची बाई मागे कलंडते आहे, असं ते शिल्प आहे. पाहणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा काय येतं? भूत उतरवतोय, शाप देतोय, नाहीतर बाईला ढकलतोय. यातलं काहीही नाही. तो तिला संमोहित करतो आहे. पाद्रीबाबांचं नाव जुझे कुस्तोदिओ द फारिया. फ्रान्समध्ये पाद्रीला 'आबे' म्हणतात, म्हणून आबे फारिया. आज जगात ज्याला संमोहन म्हणतात त्याचं खरं स्पष्टीकरण ज्यांनी आधी मांडलं, त्या मोजक्या लोकांत गोव्यातल्या बारदेश तालुक्याच्या या माणसाचं नाव घेतलं जातं.

मग त्यांच्या हातातून काहीतरी शक्ती जात होती का?

नाही. आणि गंमत अशी की 'नाही' हे ठासून सांगण्यातच या माणसाचं आयुष्य गेलं. त्यांच्या स्मारकाकडे पाहून मात्र निघताना माणूस 'हो' असंच समजून निघतो.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. फ्रान्झ आंतोन मेस्मर नावाच्या वैद्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नात आणि मग पॅरिसमध्ये एक उपचार चालवला. त्याचं म्हणणं असं, की सगळ्या विश्वात एक अदृश्य प्रवाह भरून आहे, माणसाच्या अंगात तो अडला की आजार होतो, आणि जाणकार वैद्य हाताच्या हालचालींनी तो प्रवाह रोग्याच्या अंगात सोडू शकतो. याला तो प्राणिज चुंबकत्व म्हणे. पॅरिसमध्ये त्याच्याकडे रांगा लागल्या. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लावाझिए होते. त्यांनी डोळे बांधून प्रयोग केले. आपल्यावर चुंबकत्व सोडलंय असं ज्याला वाटलं त्याला ते सोडलेलं नसतानाही झटके आले, आणि ज्याला पत्ता नव्हता त्याच्यावर सोडूनही काही झालं नाही. निष्कर्ष निघाला की असला प्रवाह नाही, हा कल्पनेचा खेळ आहे. समितीने तिथेच फाइल बंद केली.

त्याच वर्षी मेस्मरचाच एक शिष्य, मार्क्विस द प्युसेग्युर, आपल्या जहागिरीतल्या एका तरुण शेतकऱ्यावर उपचार करताना वेगळंच पाहत होता. झटके वगैरे काही नाही. तो मुलगा शांत झोपला आणि झोपेतच बोलू लागला, विचारलेल्याला उत्तरं देऊ लागला. पुढे पॅरिसमध्ये फारियांची या प्युसेग्युरशी ओळख झाली आणि ते या विद्येत शिरले.

समितीने 'कल्पनेचा खेळ' म्हणून जे टाकून दिलं तेच फारियांनी उचललं. त्यांचा प्रश्न साधा होता. प्रवाह नाही हे मान्य, पण माणूस झोपतो तर खरा, त्याचं दुखणं कमी होतं तेही खरं, मग हे करतं कोण? त्यांचं उत्तर असं की करणारा झोपणाराच. समोरच्या गुरूकडून काहीही येत नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडतं. मन एकाग्र झालं, इंद्रियांची धावपळ थांबली, सांगणाऱ्यावर विश्वास बसला की ती झोप लागते. आपण त्या शक्तीचे मालक नाही, असं भर सभेत सांगणारा बुवा तेव्हाही दुर्मीळ होता आणि आजही आहे.

पण ते हात तरी का वापरत?

हा प्रश्न योग्य आहे, आणि शिल्पकाराच्या बाजूने बोलायचं तर इथेच बोलता येतं. फारियांची रीत साधारण अशी होती. माणसाला आरामात बसवायचं. डोळे मिटून झोपेवर लक्ष द्यायला सांगायचं. तो स्थिर झाला की खणखणीत आवाजात एकच हुकूम: "झोपा!" एकदोनदा सांगून जमलं नाही तर डोळे उघडायला लावून स्वतःच्या उघड्या तळव्याकडे टक लावून पाहायला सांगायचं आणि तो तळवा हळूहळू जवळ न्यायचा. म्हणजे हात होता, पण नजर खिळवायला, शक्ती सोडायला नाही. मेस्मरसारखं तासन् तास अंगावरून हात फिरवणं, लोहचुंबक, चुंबकाचं पाणी भरलेलं पिंप, हे सगळं त्यांनी मोडीत काढलं.

आता ब्राँझमध्ये 'मन एकाग्र होणं' कसं दाखवायचं? खुर्चीत डोळे मिटून बसलेली बाई आणि बाजूला स्वस्थ उभा पाद्री असा पुतळा केला असता तर तो विचाराच्या दृष्टीने बरोबर ठरला असता, पण त्याच्याकडे कोणी दोनदा पाहिलं नसतं. माझ्या मते शिल्प म्हणून ते जोरदार आहे आणि फारियांचा सिद्धांत म्हणून उलटं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही. फक्त फोटो टाकताना "गोव्याच्या पाद्र्याची अद्भुत शक्ती" असं खाली लिहू नका, एवढं झालं तरी पुष्कळ.

फारिया मूळचे कुठले?

आईच्या गावी, म्हणजे बारदेशातल्या कांदोळीत, ३१ मे १७५६ रोजी जन्म. वडील कायतान व्हितोरिनो द फारिया हे कोलवाळचे, वर सांगितलेल्या पुलाजवळचे. सोळाव्या शतकात धर्मांतर झालेल्या कोलवाळच्या अनंत शेणवी यांच्या वंशातलं हे घराणं असं सांगितलं जातं. पॅरिसमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकावर फारियांनी नावापुढे 'ब्राह्मण' असं लावलं आहे. कॅथलिक पाद्री, धर्मशास्त्राचा डॉक्टर आणि ब्राह्मण, तिन्ही एका ओळीत. त्यात अभिमान किती आणि पॅरिसच्या लोकांवर छाप पाडण्याचा हेतू किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दुसरा भाग मोठा वाटतो.

घरची कथा तर नाटकात शोभेल अशी. आई रोझा मारिया आणि वडील यांचं पटलं नाही. चर्चच्या परवानगीने दोघं वेगळी झाली. वडिलांनी अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करून पाद्रीपण घेतलं आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ साली वडील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन जहाजाने लिस्बनला निघाले. फेब्रुवारीत निघालेलं जहाज नोव्हेंबरात पोचलं. तिथून पोर्तुगालच्या राजाच्या मदतीने मुलगा रोमला गेला आणि १७८० साली पाद्री होऊन, धर्मशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला.

"कातर रे भाजी" ही गोष्ट खरी आहे का?

ही आख्यायिका आहे, पण गोव्यात ती पुतळ्याइतकीच पक्की आहे. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला तरुण फारिया उभे राहिले. समोर दरबारचे बडे लोक. जीभ टाळ्याला चिकटली, शब्द फुटेना. खाली बसलेल्या वडिलांनी कोकणीतून हळूच सांगितलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" म्हणजे समोर माणसं नाहीत, पालेभाजी आहे, काप सरळ. मुलाची भीती गेली आणि प्रवचन झोकात झालं. पुढे म्हणे त्यांना कोडं पडलं की बापाच्या चार शब्दांनी आपल्यात हा बदल झाला कसा. त्यातून त्यांना सूचनेच्या ताकदीचा सुगावा लागला, असं सांगतात. इतकी नेमकी बसणारी गोष्ट मागाहून रचलेली असण्याची शक्यता बरीच. तरी शाळेच्या स्नेहसंमेलनात विंगेतून पोराला धीर देणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांना ती खोटी वाटणार नाही.

पोर्तुगाल सोडून फ्रान्सला का गेले?

१७८७ साली गोव्यात पोर्तुगिजांविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीला आला. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून त्याला हे नाव पडलं. गोव्यातल्या पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नाहीत, त्या गोऱ्यांसाठी राखलेल्या असतात, ही त्यामागची मोठी चीड होती. अनेकांची धरपकड झाली, काहींना क्रूरपणे मारण्यात आलं. लिस्बनमधल्या फारिया बापलेकांवरही संशय होता. १७८८ साली मुलगा पॅरिसला पोचला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली. म्हणजे आगीतून फुफाट्यात. क्रांतीच्या धामधुमीत ते गप्प बसले नाहीत. १७९५ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये सत्ताधारी परिषदेविरुद्ध जो उठाव झाला, त्यात एका तुकडीच्या पुढे होते.

कादंबरीत तुरुंगात भेटणारा म्हातारा पाद्री तो हाच का?

नाव यांचं, माणूस वेगळा. अलेक्झांडर द्युमाने 'द काउंट ऑफ मॉंटे ख्रिस्तो' या कादंबरीत शातो दीफच्या तुरुंगातला विद्वान कैदी आबे फारिया रंगवला. तो इटालियन आहे, भुयार खणतो, नायकाला शिकवतो आणि खजिन्याचा पत्ता देतो. कादंबरी १८४४ पासून क्रमशः छापली गेली. तोवर खरे फारिया जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्यांनी कोणाला खजिना दाखवला नाही आणि त्यांच्याकडे स्वतःपुरताही नव्हता.

पॅरिसमध्ये त्यांचं पुढे काय झालं?

१८११ साली मार्सेयमध्ये तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी मिळाली, मग नीमला. १८१३ साली पॅरिसला परतून त्यांनी क्लिशी रस्त्यावरच्या ४९ नंबरच्या घरात 'स्वच्छ निद्रे'वर, म्हणजे माणूस झोपेतच बोलतो, उत्तरं देतो त्या झोपेवर, जाहीर व्याख्यानं सुरू केली. तिकीट पाच फ्रँक. उंच, सावळा, परक्या उच्चाराची फ्रेंच बोलणारा हिंदुस्थानी पाद्री भरल्या सभेत लोकांना एका शब्दावर झोपवतो, ही बातमी पसरायला किती वेळ लागणार? गर्दी लोटली. त्यात बायका जास्त, म्हणून कुजबुजही जास्त.

टीकाही दोन्हीकडून झाली. चर्चमधल्या लोकांना यात सैतान दिसला. चुंबकत्ववाल्यांना राग वेगळ्याच कारणाचा, हा आमचा प्रवाहच नाकारतो म्हणून. १८१६ साली एका नाटकात त्यांची नक्कल झाली, लोक पोट धरून हसले आणि धंदा बसला. शेवटी मुलींच्या एका शाळेत त्यांनी पाद्र्याची साधी नोकरी पत्करली. २० सप्टेंबर १८१९ रोजी त्यांचं निधन झालं. पुस्तकाचा पहिला खंड त्याच वर्षी निघाला आणि पुढचे खंड राहूनच गेले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना पुरलं, पण थडग्यावर खूण नाही. ज्याच्या थडग्याला दगड मिळाला नाही त्याला पणजीत ब्राँझ मिळालं.

ते कधी तोंडघशी पडले नाहीत का?

पडले की. फ्रेंच लेखक शातोब्रियांने आपल्या आठवणींत एक प्रसंग दिला आहे. एका मेजवानीत फारियांनी चुंबकत्वाने पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी मारून दाखवतो म्हणून पैज मारली. पक्षी ठणठणीत राहिला आणि आबेंनाच काढता पाय घ्यावा लागला. शातोब्रियां खवचट लेखक होता, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला.

सिद्धांतातही चूक होती. काही माणसं चटकन संमोहित होतात, काही होत नाहीत, याचं कारण ते रक्ताचा पातळपणा सांगत. ते कोणीच पुढे मान्य केलं नाही. माणसामाणसांत हा फरक असतो, हे निरीक्षण मात्र टिकलं.

मग संमोहनाचा जनक कोण? मेस्मर, फारिया की ब्रेड?

'जनक' ठरवायचा हट्ट सोडला तर उत्तर सोपं आहे. मेस्मरने लोकांना या प्रकाराकडे ओढलं, पण कारण चुकीचं दिलं. फारियांनी कारण बाहेरून आत, गुरूकडून रोग्याकडे आणलं. स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स ब्रेडने १८४३ मध्ये 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केलं. पुढे नान्सी शहरातल्या लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेवर आधारलेली उपचारपद्धती उभी केली, आणि तेव्हा लोकांना कळलं की हे तो गोव्याचा पाद्री आधीच सांगून गेला होता. गोव्याचे डॉक्टर दालगादो यांनी १९०६ साली पॅरिसमध्ये फारियांचं चरित्र लिहिलं आणि त्यांचं पुस्तक पुन्हा छापलं. पोर्तुगालचे एगाश मोनीश, ज्यांना १९४९ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं, त्यांनीही १९२५ मध्ये फारियांवर पुस्तक लिहिलं.

पुतळा कोणी केला, कधी बसवला? १९६१ नंतर काढला कसा नाही?

शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, गोव्याचेच. पुतळा १९४५ साली बसला, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत. मुक्तीनंतर पणजीतला, गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा हलला आणि आता तो जुन्या गोव्याच्या संग्रहालयात उभा आहे. फारिया जागच्या जागी राहिले. राहणारच. ते राज्य करायला आलेले नव्हते, इथून गेलेले होते, आणि पोर्तुगिजांच्याच संशयाच्या यादीत होते.

त्यांच्या नावाचं आणखी काही बघण्यासारखं?

मडगावला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. कांदोळी हे जन्मगाव, पण आज तिथे हॉटेलांच्या गर्दीतून अठरावं शतक शोधायला चिकाटी लागते. त्यापेक्षा जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ पाहा. त्यांच्या आईचं उरलेलं आयुष्य तिथे गेलं, आणि ती इमारत एकदा पाहण्यासारखी आहेच.

आमच्याकडे अंगात येतं, देवाचा अवसर येतो. ते हेच का?

सरसकट 'हेच' म्हणणं बरोबर नाही. अवसरामागे देवस्थान, मानकरी, गावऱ्हाटी, श्रद्धा असं सगळं असतं. पण फारियांचा प्रश्न तिथेही विचारता येतो: जे घडतंय ते बाहेरून येतंय की माणसाच्या एकाग्र मनातून आणि भोवतालच्यांच्या अपेक्षेतून? ढोल थांबला, माणसं पांगली की काय होतं, याचं निरीक्षण ज्याचं त्याने करावं. गाऱ्हाणं घालण्याला कोणाची ना नाही. मात्र भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणं, साखळीने बांधणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि ते पणजीच्या पुतळ्याकडे बोट दाखवून झाकता येणार नाही.

संमोहन उपचार खरा की नुसतं थोतांड?

दोन्ही टोकं टाळा. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ साली अहवाल देऊन काही दुखण्यांत त्याचा उपयोग मान्य केला. पोट वारंवार बिघडण्याचा जो चिवट विकार असतो, आतड्यात दोष सापडत नाही पण कळा आणि शौचाचा त्रास थांबत नाही, त्यात १९८४ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी केलेल्या चाचणीत संमोहनाने चांगला फरक पडला, आणि औषधांनी भागलं नाही तर ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना आजही त्याचा विचार करायला सांगतात. भीती आणि वेदना कमी करायलाही ते वापरलं जातं. आपल्याच देशात, बंगालमध्ये हुगळीला, जेम्स एस्डेल या डॉक्टरने १८४५ पासून भूल देणारं औषध नसताना मेस्मरच्या पद्धतीने माणसांना गुंगवून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या होत्या.

मधुमेह, कॅन्सर, अर्धांगवायू, साप चावणं हे बरं करायला मात्र संमोहनाचा काडीचा उपयोग नाही. तसं कोणी सांगितलं तर उठून या.

संमोहनाने कोणाकडूनही काहीही करवून घेता येतं का?

नाही. स्टेजवरचे प्रयोग पाहून तसं वाटतं. तिथे वर येणारे आपणहून आलेले असतात आणि गंमत करायला तयार असतात.

घरात कोणाला हा उपचार द्यावा असं वाटतं. कुठे जायचं?

आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे. सिंधुदुर्गात ओरोसच्या आणि रत्नागिरीत जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. एवढं लांब जाणं जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. संमोहनाचा उपयोग होईल का हे डॉक्टर किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ ठरवतील. सुरू असलेली गोळी परस्पर बंद करायची नाही. विजेच्या खांबावरची 'संमोहनाने सर्व समस्यांवर उपाय' ही पाटी वाचून फोन करणार असाल तर समोरच्याला एकच विचारा: बरं करणारी शक्ती तुमची की आमची? "माझी" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.